रडीचा डाव

गेल्या हिवाळ्यात मोहोळ तालुक्यातल्या एका गावी मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावणे आले. गावाचे नाव सांगत नाही. सांगण्याचे कारणही नाही, कारण असे समारंभ आता गावोगाव होतात. समारंभाचे नाव होते ‘पारंपरिक क्रीडा महोत्सव’. पटांगणात मंडप होता, मंडपावर रंगीत फलक होता, आणि फलकावर विटी कोलणाऱ्या एका गुबगुबीत मुलाचे चित्र होते. फक्कीने चौकोन आखले होते. एका चौकोनात प्लास्टिकची विटी आणि प्लास्टिकचा दांडू, दुसऱ्यात रंग दिलेल्या लाकडी चकत्यांची लगोरी, तिसऱ्यात भोवरा. मुले रांगेने येत, शिक्षक शिट्टी वाजवीत, मूल एक टोला मारी, छायाचित्र निघे, आणि पुढचे मूल येई. दोन तासांत सगळी शाळा पारंपरिक खेळ खेळून मोकळी झाली.

मग माझे भाषण झाले. पाहुण्याने जे बोलायचे तेच मी बोललो. आमच्या लहानपणी कसे सूरपारंबी, आट्यापाट्या, हुतूतू रंगत. आजची मुले कशी मोबाइलमध्ये डोके घालून बसतात. ‘मुलांनो, मातीत खेळा’ वगैरे. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक काळासावळा पोरगा उठला आणि म्हणाला, “सर, पण खेळायचं कुठं?”

सगळे हसले. गुरुजींनी डोळे वटारले, पोरगा बसला. आभारप्रदर्शन झाले, चहा झाला, आणि आम्ही निघालो तेव्हा शिपाई पटांगणाच्या फाटकाला कुलूप लावीत होता. शाळा सुटल्यावर पटांगण बंद असते, असे मला सांगण्यात आले. फाटकाबाहेर पाचसहा मुले उभी होती. ती कुठे जाणार, हे मी विचारले नाही. परंतु त्या पोराच्या प्रश्नाने माझी झोप उडवली, कारण माझ्या भाषणात त्याचे उत्तर नव्हते. आणि जे भाषण मी केले तेच गेली वीस वर्षे आम्ही म्हातारे लोक करीत आलो आहोत. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

खेळात हरू लागले की डाव मोडून वर कांगावा करणारा जो गडी असतो, त्याला आपण ‘रडी खेळणारा’ म्हणतो. मुलांच्या खेळांच्या बाबतीत आम्ही मोठ्यांनी नेमका असा रडीचा डाव खेळला आहे. खेळायची जागा आम्ही घेतली, खेळायची वेळ आम्ही घेतली, आणि मुले खेळत नाहीत म्हणून वर गळा काढणारेही आम्हीच. मोबाइल हे या कांगाव्यातले फार सोयीचे निमित्त आहे.

मोबाइलचा न्याय साध्या तारखांनी होतो. मोहोळच्या आसपासच्या खेड्यांत पोराटोरांच्या हाती चित्रे दाखवणारा फोन आला तो २०१५-१६ च्या पुढे. त्याच्या आधी वीस-पंचवीस वर्षे माझ्या गावच्या शिवारातले खेळ उठले होते. चोर घरात शिरण्याआधीच भांडी नाहीशी झाली असतील, तर चोरीचा आळ त्याच्यावर घालता येत नाही. तेव्हा भांडी कोणी नेली?

याचे उत्तर शोधायला मला माझ्या लहानपणी जावे लागते. माझा जन्म १९५३ चा. मोहोळ म्हणजे सोलापूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवरचे, पुण्याच्या रस्त्यावरचे आणि रेल्वेवरचे गाव. भोवती सीनेच्या खोऱ्यातली काळी रानं आणि मुरमाड माळ. हा मुलूख रब्बी ज्वारीचा. ज्या मालदांडी ज्वारीने सोलापूरचे नाव झाले, तिच्यातला ‘३५-१’ हा वाण गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मोहोळच्याच संशोधन केंद्रात निवडला गेला, आणि आजही तो शेतकऱ्यांच्या घरात आहे. ज्वारी आणि मुलांचे खेळ यांचा संबंध काय, असे वाचक विचारील. संबंध असा की आमचे क्रीडांगण ज्वारीच पिकवीत असे.

ज्वारी हस्ताच्या पावसाच्या आसपास पेरत, आणि माघ-फाल्गुनात ताटे मुळासकट उपटून काढीत. मग रानाच्या कडेला घट्ट जागा पाहून खळे करायचे. जागा साफ करून पाणी मारायचे, बैल फिरवून ती चोपायची, वरून शेणाने सारवायची. मधोमध तिवडा उभा करायचा आणि त्याच्याभोवती बैलांची पात धरून कणसे मळायची. मळणी झाली, उपणणी झाली, रास गाडीत भरून घरी गेली, की ते खळे तसेच पडून राही. गोल, गुळगुळीत, खडा म्हणून नाही. कोणत्याही जिमखान्याला हेवा वाटावा असे ते मैदान प्रत्येक शेतकरी दरवर्षी आपल्या हाताने तयार करी, आणि त्याचा एक पैसा कोणाच्या अंदाजपत्रकात दिसत नसे.

शिमग्यापासून मृगापर्यंत तीन महिने ते खळे आमचे असे. त्यावर हुतूतू रंगे. पलीकडच्या मोकळ्या रानात राखेने पाट्या आखून चांदण्या रात्री आट्यापाट्या चालत. माळावर गल खणून विटीदांडू. दांडू बाभळीचा, विटीही बाभळीची; चेंडू चिंध्यांचा; लगोरीला ओढ्यातल्या सात चपट्या खापऱ्या. ज्वारीच्या ताटातले भेंड काढून त्याच्या गाड्या आणि चष्मे आम्ही करीत असू. खेळायला लागणारी एकही वस्तू विकत आणल्याचे मला आठवत नाही. विकत आणता न येणारी गोष्ट एकच होती: मोकळे रान. ते फुकट होते, म्हणून त्याची किंमत आम्हाला कधी कळली नाही.

१९८० साली भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले. पुढे कालव्यांचे पाणी तालुक्यात फिरले, आणि जिथे पाणी पोचले तिथे ऊस आला. ज्वारीचे रान वर्षाकाठी काही महिने मोकळे होते. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो, आणि तुटला की त्याचाच खोडवा फुटतो. ते रान मोकळे असे कधी होतच नाही. जिथे ज्वारी उरली तिथे मळणीयंत्र आले. यंत्राला खळे लागत नाही, ताडपत्री पुरते. बैल गेले, तिवडा गेला, सारवलेली जमीन गेली. या साऱ्याची नोंद कोणी केली नाही, कारण सात-बाराच्या उताऱ्यावर ‘मुलांचे खळे’ असा रकाना नसतो.

मी उसाचा वैरी नाही, हे येथेच सांगून टाकतो. १९७२ च्या दुष्काळात मी एकोणीस वर्षांचा होतो. दुष्काळी कामावर मी खडी फोडली आहे आणि सुकडी खाल्ली आहे. ज्याने ते दिवस पाहिले तो पाण्याला नावे ठेवणार नाही. उसाने पक्की घरे दिली, मुलींना एस.टी.ने मोहोळच्या कॉलेजात धाडण्याची ऐपत दिली. परंतु लाभाचा हिशेब मांडताना खर्चाची बाजूही लिहावी लागते, आणि त्या बाजूला हा एक आकडा कोणी लिहिलेला नाही. तुकोबांच्या गाथेत विटूदांडू, हमामा, हुंबरी, फुगडी यांवर अभंग आहेत; म्हणजे हे खेळ किमान साडेतीनशे वर्षांचे. त्यांनी तुकोबांच्या काळातला १६३० चा दुष्काळ पाहिला, सोलापूर होरपळून काढणारा १८७६-७८ चा दुष्काळ पाहिला, प्लेग पाहिला. या सर्वांतून तगलेले खेळ आमच्या सुबत्तेच्या तीस वर्षांत गेले. याची लाज दुष्काळाला नव्हे, आम्हाला वाटली पाहिजे.

रान गेले ते एका परीने पोटासाठी गेले, असे म्हणता येईल. पण बाकीच्या जागांचे काय? सूरपारंबीला वड लागतो. काठी पायाखालून भिरकावायची, राज्य असलेल्याने ती आणेपर्यंत बाकीच्यांनी पारंब्यांवरून वर पोचायचे. हा खेळ सिमेंटच्या खांबावर होत नाही. आमच्याकडचे वड रस्त्याच्या कडेला होते. रस्ते रुंद झाले, आणि वड पडले. पुणे-सोलापूर रस्ता चौपदरी झाला; दिवेघाटापासून मोहोळपर्यंतच्या पालखी मार्गाची पायाभरणी २०२१ साली झाली. रस्ता हवाच. परंतु ज्या गावाची शाळा रस्त्याच्या एका अंगाला आणि वस्ती दुसऱ्या अंगाला पडली, त्या गावच्या आईने संध्याकाळी पोराला ‘जा, खेळून ये’ म्हणायचे ते कोणत्या धीराने? गावाजवळच्या माळाचे भूखंड पडले. गायरानावर कोणाची गोदामे उभी राहिली, हे गावात सर्वांना ठाऊक असते आणि ग्रामसभेत कोणालाच आठवत नाही.

यावर सुशिक्षित वाचक म्हणेल, जागा गेली हे खरे, पण खेळ गेले हे खरे नाही. कबड्डी आणि खो-खो आज जगभर पोचले आहेत. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. १९०६ साली पुण्यात डेक्कन जिमखाना निघाला; तेथे आणि बडोद्यास या खेळांना नियम मिळाले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी शिरली, २०१४ पासून तिचे व्यावसायिक सामने दूरचित्रवाणीवर होऊ लागले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांचा आणि स्त्रियांचा, दोन्ही भारताने जिंकले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. ते सामने पाहताना माझाही ऊर भरून आला.

पण त्या रात्री आमच्या गल्लीत काय चालले होते, तेही मी पाहिले. चौदा मुले एका दूरचित्रवाणीसमोर बसून खो-खो पाहत होती. बाहेर टिपूर चांदणे होते. चौदा मुले म्हणजे दोन डाव होतील इतके गडी! जो खेळ पाहण्यात आहे तो खेळण्यात असेलच असे नाही. नियम छापून ठेवल्यानेही खेळ जगत नाही. बडोद्याहून निघालेल्या व्यायाम ज्ञानकोशात देशी खेळांची तपशीलवार माहिती आहे. आट्यापाट्यांची सूरपाटी कशी धावते, लोण कसे पोचवायचे, सारे पुस्तकांत मिळते. ‘लोण पोचले’, ‘कोंडी फुटली’ हे शब्द आपण वर्तमानपत्रांत रोज वाचतो. शब्द राहिले, पाट्या पुसल्या गेल्या.

आणि जे खेळ मैदानी सामन्यांत शिरले, त्यांतून एक गोष्ट गळून पडली. तिच्यासाठीच मी हा वाद घालतो आहे. माळावरच्या खेळात पंच नसे. कोण बाद, कोण नाही, हे भांडून ठरे. भांडण ताणले तर खेळ थांबे, आणि खेळ थांबणे कोणालाच परवडत नसे. म्हणून तोड निघे. विटी कोणाच्या परसात गेली तर किती हात धरायचे, भिडू विषम झाले तर ‘दोन्हीकडचा’ कोण, हे कायदे दहा वर्षांची पोरे करीत, पाळीत आणि गरज पडली तर बदलीत. ज्या पोराला अजून धड पळता येत नाही, पण जो मोठ्या भावाचा सदरा धरून आला आहे, त्याचे काय? त्याला हाकलायचे नाही. त्याला ‘लिंबूटिंबू’ करायचे. त्याने खेळायचे, पण त्याच्यावर राज्य यायचे नाही. दुबळ्याला मान न दुखावता आपल्यात घेण्याची इतकी साधी रीत मी पुढे कोणत्या संस्थेच्या घटनेत पाहिली नाही. स्पर्धेच्या संघात लिंबूटिंबूला जागा नसते. तो कुंपणाबाहेर उभा राहतो.

विटीदांडूत आम्ही ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे मोजत असू. हे मराठी आकडे नव्हेत, हे कळायला मला सोलापूरच्या विणकर पेठेत नोकरीला जावे लागले. तेलुगूत एकाला ओकटि, दोनाला रेंडु, तिनाला मूडु आणि चाराला नालुगु म्हणतात. कोणत्या पोराने कोणाकडून, कधी हे उचलले, कोण जाणे. भाषावार प्रांतरचनेची भांडणे मोठ्यांनी खूप केली. पोरे मात्र तेलुगू आकडे तोंडी घोळवत मराठी डाव खेळत होती, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. महोत्सवात गुरुजींनी मुलांना ‘एक, दोन, तीन’ असेच मोजायला लावले. त्यांचाही दोष नाही; त्यांना कोणी माळावर शिकवले नव्हते.

येथवर वाचून कोणाला वाटेल की हा म्हातारा आपल्या बाळपणाची आरती ओवाळतो आहे. तसे होऊ नये म्हणून दोन गोष्टी कबूल करतो. आमच्या खळ्यावर सगळी मुले नव्हती. वेशीबाहेरच्या वस्तीतली पोरे माळाच्या पलीकडच्या अंगाला वेगळी खेळत. आमची विटी तिकडे गेली तर ती परत फेकीत, पण त्यांना कोणी ‘या’ म्हटल्याचे मला आठवत नाही. त्यांतला एकजण माझ्या वर्गात होता आणि त्याचा टोला आमच्यातल्या कोणाहूनही लांब जाई. तो आमच्या डावात कधी आला नाही. आणि मीही त्याला कधी बोलावले नाही. दुसरी गोष्ट मुलींची. माझी थोरली बहीण दहा वर्षांची होईतो आमच्यात आट्यापाट्या खेळे, आणि सूरपाटीवर ती असली की कोणाची मजल जात नसे. अकराव्या वर्षी आईने तिला घागर दिली. त्यानंतर तिचा खेळ उरला तो पंचमीचा झोका आणि फेर, वर्षातून एक दिवस. आज खो-खोच्या मैदानावर खेड्यातल्या मुली धावताना पाहतो तेव्हा मला तीच आठवते. म्हणून ‘जुने दिवस परत आणा’ असे मी म्हणणार नाही. जुने दिवस जसेच्या तसे परत आणले तर ते माझ्या बहिणीच्या हाती पुन्हा घागर देतील. मला मोकळी जागा परत हवी आहे. तीत कोणी यायचे याचे जुने नियम नकोत.

आणखी एक दृश्य सांगतो. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. तोड झालेल्या फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या पडतात. गेल्या वर्षी तिन्हीसांजेला एका फडाजवळून जाताना मला ओरडा ऐकू आला. पाहतो तो ऊसतोड्यांची सातआठ मुले, मुलगे आणि मुली मिळून, पाचट बाजूला सारून केलेल्या जागेत विटीदांडू खेळत होती. विटी बाभळीची होती. सगळ्यात धाकटे पोर लिंबूटिंबू होते. साऱ्या शिवारात खरा खेळ तेवढा तिथे चालला होता; आणि ती मुले त्या महिन्यात कोणत्याही शाळेत जात नव्हती. म्हणजे आमच्या तालुक्याने वाटणी कशी केली पाहा: ज्यांना शाळा आहे त्यांना खेळ नाही, आणि ज्यांना खेळ आहे त्यांना शाळा नाही. ही वाटणी जो समाज शांतपणे पाहतो, त्याने महोत्सवांचे फलक लावू नयेत.

मग करायचे काय? नवे काही मागायचे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात खेळण्याचा हक्क लिहिला आहे, आणि भारताने ती संहिता १९९२ साली मान्य केली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असले पाहिजे असे म्हटले आहे. गावाच्या सामाईक जमिनींवरची बेकायदा बळकावणी दूर करण्याच्या योजना राज्यांनी कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी दिला आहे. कागद सगळे तयार आहेत. मात्र ‘अतिक्रमण हटवा’ म्हटले की पहिला बुलडोझर भूमिहीनाच्या पालावर जातो, हा आपला अनुभव आहे. तो मला मंजूर नाही. ज्याला डोक्यावर छप्पर नाही त्याच्याकडून क्रीडांगण मागू नये. ज्याची गोदामे आहेत त्याच्याकडून मागावे.

माझ्या मागण्या तीनच आहेत. शाळा सुटल्यावर पटांगणाचे फाटक उघडे ठेवा. काही मोडेल याची भीती वाटत असेल तर मोडू द्या, ते मुलांसाठीच आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने वस्तीच्या हाकेच्या अंतरावर, रस्ता ओलांडावा लागणार नाही अशी, एक एकर जागा राखावी. तीत पुतळा, सभामंडप, व्यापारी गाळे यांतले काहीही बांधू नये, कडेने चार वड लावावेत, आणि ती कोणत्याही जातीच्या मुलाची आणि कोणत्याही वयाच्या मुलीची असावी. आणि संध्याकाळची दोन तासांची वेळ शिकवणीवाल्यांनी आणि आईबापांनी सोडून द्यावी. शिट्टी, प्रशिक्षक, प्रमाणपत्र, प्रमुख पाहुणा यांतले काही पाठवू नये. काय खेळायचे ते मुले ठरवतील. कदाचित ती क्रिकेट खेळतील, विटीदांडू खेळणारही नाहीत. खेळू द्या. तो त्यांचा डाव आहे.

त्या काळ्यासावळ्या पोराचे नाव मी विचारले नाही, याची रुखरुख आहे. त्याच्या गावच्या सरपंचांना मी पत्र लिहिले: पटांगणाचे कुलूप संध्याकाळी काढा, एवढेच. दोन महिन्यांनी उत्तर आले. त्यात पुढच्या वर्षीच्या महोत्सवाचे निमंत्रण होते. त्यांना मी कळवले आहे की येईन, पण फाटक उघडे असेल तर. नसेल तर त्या पोरांबरोबर बाहेर उभा राहीन.